सकाळचा सात नंबर

बाईंच्या हातून चमचा पडला, म्हणून पुढचं सगळं घडलं. एकतीस वर्षं त्या हातात चमचा होता आणि एकतीस वर्षांत तो एकदाही पडला नव्हता. त्या सोमवारी दुपारी तीनला पडला, घरंगळत टेबलाखाली गेला, आणि बाई तो उचलायला वाकल्या.

बाई कोण, ते आधी सांगितलेलं बरं. चहाच्या एका कारखान्यात त्या चहा चाखायच्या. कारखाना म्हणजे मळा नव्हे. मळ्यांवरून पोती यायची, इथे त्यांची सरमिसळ व्हायची आणि पुडे भरले जायचे. कुठली पोती ठेवायची, कुठली परत पाठवायची, कशात काय मिसळायचं, हे बाईंच्या जिभेवर ठरायचं. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या उजेडाची लांबट खोली, भिंतीच्या कडेनं लांबच लांब टेबल, टेबलावर पांढऱ्या कपांची रांग आणि प्रत्येक कपापुढे नंबर. चिमूटभर पत्ती तोलून घालायची, उकळतं पाणी ओतायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं, मग गाळायचं. बाई चमचाभर चहा असा सुर्रकन ओढायच्या की खालच्या मजल्यावरच्या नव्या माणसाला वाटावं, वर कुणीतरी जुनी चादर फाडतंय. तोंडात दोन क्षण घोळवायचा आणि चाकं लावलेल्या उंच पिकदाणीत थुंकायचा. असे दिवसाला दोनशे कप. गिळायचं नाही. दोनशे कप गिळले तर माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंतही उभा राहायचा नाही.

एकच कप त्या गिळायच्या. सकाळच्या रांगेत जो सगळ्यांत सरस ठरेल, तो खिडकीशी उभं राहून पूर्ण प्यायचा. त्यांना हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तशी शिस्तच घातली होती. ते म्हणायचे, "आपण थुंकतो, गिऱ्हाईक थुंकत नाही. दिवसातून एकदा तरी गिऱ्हाईक व्हा."

बाई मुळात आल्या होत्या पत्रव्यवहार सांभाळायला. वनस्पतिशास्त्राची पदवी होती, पण त्या पदवीला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन शेजारच्या टेबलावर विचारलं, "आज पाणी वेगळ्या टाकीतलं आहे का?" होतंच. म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानावर हे गेलं, आणि संध्याकाळच्या आत त्यांनी बाईंना पत्रांच्या ढिगातून उचलून वर नेलं. तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव 'तराजू'. तोंडावर अर्थात 'बाई'.

तर बाई वाकल्या, आणि घशातून घोटभर काहीतरी वर आलं.

असं दोन वर्षं होत होतं. घास उतरायला वेळ लागायचा, प्रत्येक घासामागे पाणी लागायचं. खाल्लेलं काही तासांनी परत तोंडात यायचं, सकाळी उशी ओली असायची, ठसका तर पाचवीला पुजलेला. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या होत्या आणि बाई त्या इमानानं गिळत होत्या. गोळ्याही कधीकधी परत येत. कारखान्यात मात्र त्यांनी याचा चकार शब्द काढला नव्हता. जिच्या तोंडावर शंभर माणसांचं काम चालतं, तिनं तोंडाची तक्रार कशी सांगायची?

एरवी त्यांनी वर आलेलं पटकन थुंकून टाकलं असतं. पण चमच्यामुळे त्या टेबलाखाली होत्या आणि पिकदाणी हातभर लांब. तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडात चहा असला की बाईंची जीभ आपण होऊन कामाला लागते, त्याला इलाज नाही. त्यांनी तो घोळवला.

आणि त्या टेबलाखालीच बसून राहिल्या.

"बाई, लागलं का कुठे?" वरून धाकट्यांचा आवाज आला. धाकटे म्हणजे दोन नंबरचे चाखणारे, वय त्रेचाळीस, पोट सुटलेलं, पण बाईंच्या हाताखाली तयार झाले म्हणून 'धाकटे'च राहिले.

बाईंनी हातानंच 'थांबा' केलं, बाहेर आल्या, पिकदाणीत थुंकल्या आणि आत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "धाकटे, सकाळचा सात नंबर मी कधी प्यायले?"

"दहाच्या सुमाराला. का?"

"आत्ता तीन वाजलेत. हा सात नंबर आहे. थंड झालाय, बाकी जसाच्या तसा. शेवटचा तो मधासारखा गोडवासुद्धा शाबूत." त्यांनी पुन्हा पिकदाणीत पाहिलं. "आणि हा मटार. काल रात्रीच्या जेवणातला. अख्खा."

धाकट्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बाई, खाली बसता का जरा?"

"बसू कशाला? अहो, पाच तास हा चहा माझ्या पोटात असता तर आंबट नको का व्हायला? आंबट नाहीये. मग हा होता कुठे?"

या प्रश्नानं बाईंना जी झिंग चढली, ती खरं तर त्या महिन्यात कशानंच चढली नव्हती. कारण तो महिना फार वाईट गेला होता. त्यांनी दोन माल नाकारले होते, एक चाळीस पोत्यांचा, एक साठ पोत्यांचा. दोन्हींवर शेरा होता: शिळा. धाकट्यांना दोन्हींत काही सापडलं नव्हतं. नमुने बाहेरच्या एका जाणकाराकडे गेले, त्यालाही काही सापडलं नाही. मग मालक स्वतः वर आले. भला माणूस, पण बोलताना बाईंकडे न बघता खिडकीकडे बघत होता. "बाई, दीड महिन्यात नवा हंगाम. पहिल्या खरेदीला यंदा टेबलाशी धाकटे बसू देत. तुम्ही शेजारी बसा, लक्ष ठेवा."

शेजारी बसा. एकतीस वर्षांनी. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या जीभ मेली असं धरूनच.

घरी वन्सं होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहीण, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. बाईंचे यजमान गेले तेव्हा 'चार दिवस राहते' म्हणून बॅग घेऊन आल्या. त्याला अकरा वर्षं झाली, ते चार दिवस अजून संपायचे होते. त्या सोमवारी बाई दारातून आत आल्या त्याच मटारची गोष्ट सांगत.

"शी," वन्सं म्हणाल्या. मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "थांब. आंबट नव्हता, नक्की?"

"वन्सं, तुम्ही मला विचारताय?"

"बरं बाई, नव्हता. मग तो पोटात गेलाच नाही. तोंड आणि पोट यांच्यामध्ये कुठेतरी राहिला. सोपं आहे." वन्संना सगळंच सोपं असायचं. "आणि तुझ्या गळ्यात जेवताना नळ सोडल्यासारखा जो आवाज येतो, तोही तिथलाच. मी कधीची सांगतेय. आणि तोंडाला वास येतो तेही सांगून झालंय, तुला राग आला होता."

"वास येतो म्हणालात त्याचा नाही आला. पाहुण्यांसमोर म्हणालात त्याचा आला."

त्या रात्रीपासून बाईंनी वही सुरू केली. कारखान्यात प्रत्येक नमुन्याला जसा शेरा लिहितात, तसाच वर आलेल्या प्रत्येक घोटाला: वार, वेळ, काय, कशी चव. वन्सं शेजारी बसून रेघा आखून द्यायच्या. आठवडाभर हे चाललं, आणि दोघी इतक्या रंगल्या की एका दुपारी काहीच वर आलं नाही तर वन्संच हिरमुसल्या. "वाकून बघ ना जरा," म्हणाल्या.

आठवड्यानं दोघी घशाच्या सर्जनकडे गेल्या. सर्जन पस्तीस-चाळिशीच्या होत्या, बाह्या दुमडलेल्या, केसांत पेन खोचलेलं आणि ते पेन त्या टेबलभर शोधत होत्या. "डोक्यात आहे," बाईंनी सांगितलं, आणि पेन निघायच्या आत वही पुढे सरकवली.

सर्जन मोठ्यानं वाचू लागल्या. "सोमवार, दुपारी तीन. सकाळचा सात नंबर. थंड. आंबट नाही, कडू नाही. मटार एक, अख्खा. मंगळवार, पहाटे, उशीवर. झोपताना घेतलेलं दूध. फाटलेलं नाही." त्या थांबल्या. "दूध फाटलेलं नाही, असं लिहिलंत?"

"नव्हतं फाटलेलं. पोटात जाऊन आलं असतं तर फाटलं असतं."

"गुरुवार. सफरचंदाची साल. दीड दिवसापूर्वीची, कारण बुधवारी सफरचंद खाल्लं नव्हतं." सर्जननी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि खुर्ची पुढे ओढली. आता त्यांचाही आवाज चढला होता. "दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेताय? डॉक्टरांना हे सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, वर येतं का. मी म्हटलं, येतं. चव कुणी विचारली नाही."

"दुर्बीण घालून तपासलंय कुणी?"

"पुढच्या महिन्याची तारीख दिलीय."

"रद्द करा. मला वाटतंय तेच असेल, तर न बघता दुर्बीण सरकवली की ती भलत्या जागी शिरून भोक पाडू शकते. आधी एक्स-रे. हे पाणी प्या बघू." सर्जननी बाईंच्या गळ्याच्या डाव्या बाजूला दोन बोटं टेकली आणि हलकेच दाबली. खोलीत स्पष्ट ऐकू आलं: गुळुक, गुळुक, गुळगुळ.

"हाच तो नळ," वन्सं विजयानं म्हणाल्या.

एक्स-रेवाला गृहस्थ जाडसर, हसरा होता. त्यानं बाईंना यंत्रासमोर उभं केलं आणि हातात पांढऱ्या, दाट द्रवाचा पेला दिला. हे बेरियम. हे एक्स-रेत दिसतं, म्हणून ते घशातून जाताना वाटेत काय काय आहे ते पडद्यावर कळतं. "मी म्हटलं की एक मोठा घोट," तो म्हणाला. "हं, घ्या."

बाईंनी सुर्रकन ओढला. यंत्राच्या पलीकडे सर्जन दचकल्या. बाईंनी दोन क्षण तो घोळवला, डावीकडे वळल्या आणि कचऱ्याच्या टोपलीत थुंकल्या.

एक्स-रेवाल्यानं यंत्र थांबवलं.

"बाई," एक्स-रेवाला म्हणाला, "गिळायचं होतं."

"माफ करा. सवयीनं झालं." बाई ओशाळल्या, पण जिभेवर काहीतरी राहिलं होतं आणि ते त्यांना गप्प बसू देईना. "खडू. वर व्हॅनिला. व्हॅनिला जुना झालाय. हा डबा उघडून बरेच दिवस झालेत का?"

एक्स-रेवाल्यानं डबा फिरवून झाकणावरची तारीख पाहिली, सर्जनकडे पाहिलं, आणि कपाटातून नवा डबा काढला.

ते इतरांना विनोद म्हणून पुरलं. बाईंनी मात्र तो पेला पुन्हा नाकाशी नेला. जीभ मेलेली नव्हती. मेलेल्या जिभेला उघडून ठेवलेल्या डब्यातला व्हॅनिला कळत नाही.

दुसऱ्या पेल्याचा घोट त्यांनी गिळला, आणि मग सर्जननी त्यांना पडद्यावर ते पुन्हा चालवून दाखवलं. पांढरी धार घशातून खाली आली. सरळ जायला हवी होती, ती मागे वळली. मागे एक गोल पिशवी होती, लिंबाएवढी, गळपट्टीच्या हाडांच्या जरा वर लोंबत असलेली. धार आधी तिच्यात भरली. पिशवी काठोकाठ झाली तेव्हा कुठे उरलेलं पांढरं तिच्या काठावरून सांडून खरी वाट धरून खाली गेलं.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या. "हिनं तर अख्खं बिऱ्हाड मांडलंय आत."

सर्जन खुशीत होत्या. "इथे, अन्ननलिकेच्या तोंडाशी, एक स्नायू असतो. घास आला की त्यानं सैल व्हायचं. तुमचा वेळेवर सैल होत नाही. मग घास वरून रेटतो, दाब वाढतो, आणि मागच्या भिंतीत जिथे ती पातळ असते तिथून आतलं अस्तर फुगून बाहेर येतं. वर्षानुवर्षं रेटत राहिलं की अशी पिशवी होते. तुम्ही खाल्लेलं तिथे राहतं, कुजतं, वाकलात की बाहेर येतं. कुठल्याही गोळीनं ही जायची नाही."

कुजतं. बाई त्या एका शब्दावर अडकल्या. घसा आणि नाक आतून एकच. श्वास सोडला की पिशवीतली हवा वर नाकात. मग त्या शंभर पोत्यांत जो शिळेपणा त्यांनी पकडला, तो पोत्यांत नव्हताच. पोती चांगली होती, आणि त्यांनी ती धडधडीत नाकारली होती.

"काढता येईल?" त्यांनी विचारलं. "पाच आठवड्यांत मला टेबलाशी बसायचंय. शेजारी नाही. टेबलाशी."

सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक बाहेरून: मानेवर छेद घ्यायचा, स्नायू कापायचा आणि पिशवी काढून टाकायची. त्यात आवाजाची नस जवळून जाते, तिला धक्का लागायची भीती, आणि बरं व्हायला जास्त दिवस. दुसरी तोंडातून: मानेला हात न लावता एक नळी तोंडातून आत घालायची, अन्ननलिका आणि पिशवी यांच्यामधला पडदा समोर धरायचा, आणि एका लांब स्टेपलरनं तो मधून कापायचा. ते अवजार एकाच वेळी कापतं आणि दोन्ही कडा टाचून टाकतं. पडद्यातच तो हट्टी स्नायू असतो, तोही कापला जातो. पिशवी जागेवरच राहते, पण मधली भिंत गेल्यावर ती वेगळी राहत नाही, दोन खोल्यांची एक होते. "तुमची मान मागे छान वाकते, तोंड उघडतं, पिशवीही बेताची आहे. मी तोंडातूनच करेन."

"मग करा."

"थांबा. तुमचं काम कळल्यामुळे सांगते, एरवी मी हे इतक्या तपशिलात सांगत नाही. नळीखाली जीभ दाबली जाते. काही जणांची जीभ नंतर बधिर राहते, चव बदलते. बहुतेकांची काही दिवसांत, काही आठवड्यांत परत येते."

"बहुतेकांची."

"बहुतेकांची. सगळ्यांची असं मी म्हणणार नाही."

दोघी घरी आल्या. मग बाईंनी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. "आवाज गेला तर चालेल मला. आवाजाचं मला काय करायचंय? मानेवरून करून घेते."

"आणि मग पाच आठवड्यांत टेबलाशी कशी बसणार? टाके मोजत?" वन्सं म्हणाल्या. "आणि आवाज गेला तर मी भांडू कोणाशी?"

"जीभ गेली तर?"

"आत्ता काय आहे ती? चांगली पोती परत पाठवणारी जीभ आहे ती, भावजयबाई. तुझी जीभ चांगली आहे, मला माहीत आहे. पण तिच्या मागे उकिरडा आहे. उकिरडा तसाच ठेवून तू ती जपणार कशासाठी?"

हे इतकं उघडं होतं की बाईंना राग आला. राग आल्यावर त्यांनी भराभर सर्जनना फोन लावला. "तोंडातून करा. पण एक विचारते. ती नळी मध्ये मध्ये सैल करता येते का? माझं डाव्या कडेला जास्त काम असतं."

पलीकडे सर्जन हसल्या. "दर दहा मिनिटांनी सैल करते. डाव्या कडेवर भार देत नाही. आणखी काही सूचना?"

"पेन डोक्यात ठेवू नका."

ऑपरेशनला अर्धा-पाऊण तास लागला. बाईंना त्यातलं काही आठवायचं कारण नाही, त्या भुलीत होत्या. वन्सं बाहेरच्या बाकावर कागद घेऊन बसल्या होत्या, आणि सर्जन बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पुढे अन्ननलिका, पिशवी आणि मधला पडदा यांची प्रमाणबद्ध आकृती तयार होती. "छेद इथून इथपर्यंत?" वन्संनी विचारलं. सर्जननी आकृती पाहिली, खिशातून पेन काढलं आणि रेघ जरा खाली ओढली. "इथपर्यंत. तळापर्यंत जवळजवळ. पण तळ फोडायचा नाही. कौशल्य तेवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना पाण्याचा पहिला घोट मिळाला. नर्स शेजारी उभी, वन्सं पायथ्याशी. बाईंनी घोट घेतला, सवयीनं अंग आवळलं, मान पुढे केली, दोन वर्षं करत होत्या तशी झटापटीची तयारी केली. आणि पाणी गेलं. नुसतं गेलं. झटापट करायला समोर कुणी नव्हतंच. बाईंनी दुसरा घोट घेतला. तोही गेला. तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या नर्सवर चिडल्या, "पेला इतका लहान का आणलात?"

वन्संनी कान लावून ऐकलं. "नळ बंद," त्या म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरत उभ्या राहिल्या.

पण जीभ. जिभेवर, डाव्या कडेला, कापूस ठेवल्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी घरी वन्संनी टेबलावर सहा वाट्या मांडल्या, प्रत्येकीपुढे नंबराची चिठ्ठी. साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, आणि चार चहा. मऊ, पातळ खायचे दिवस होते, पण चाखायला कुणी मना केलं नव्हतं. बाईंनी मिठाचं ओळखलं. साखरेचं ओळखलं. चारही चहा एकसारखे लागले.

"घाई करू नकोस," वन्सं म्हणाल्या. हे वाक्य वन्संच्या तोंडून ऐकून बाईंना जास्तच भीती वाटली.

सातव्या दिवशी चारातला एक वेगळा निघाला. दहाव्या दिवशी दोन. बाई सकाळी उठल्या की दात घासायच्या आधी आरशापुढे जीभ काढून उभ्या राहायच्या, जणू कापूस डोळ्यांना दिसणार होता. बाराव्या दिवशी बाईंनी सहाव्या वाटीशी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "वन्सं, तिसरी आणि ही सहावी एकच आहे. तुम्ही चीटिंग केलीत."

"केली," वन्सं म्हणाल्या, आणि टाळी वाजवायला हात वर नेऊन मध्येच थांबल्या. "आणखी काही?"

"पाणी दोनदा उकळलेलं आहे."

पहिल्या खरेदीच्या आदल्या दिवशी बाई कारखान्यात गेल्या. टेबलाशी धाकटे बसले होते, बाईंना पाहून उठू लागले. "बसा," बाई म्हणाल्या. "ती शंभर पोती अजून गोदामात आहेत ना?"

"आहेत. दोन्ही मळ्यांशी वाद चालू आहे."

"दोन्हींचे नमुने नव्यानं काढा. वरची हाताला येतात ती पोती नकोत. रांगेच्या तळातली."

धाकटे स्वतः खाली गेले. पोत्यात खुपसायची पोकळ नळी घेऊन अर्ध्या तासानं धुळीनं माखून परत आले. मालकांनाही कुणकुण लागली असावी, तेही जिना चढून आले आणि या वेळी खिडकीकडे न बघता कपांकडे बघत उभे राहिले. पत्ती तोलली, पाणी ओतलं, पाच मिनिटं. 

बाईंनी पहिला ओढला. चाळीस पोत्यांतला. घोळवला, थुंकला, पुन्हा घेतला. "चांगला आहे. स्वच्छ. मी चुकले होते." त्यांनी जुनी नोंदवही मागवली, आपल्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'चूक माझी. माल उत्तम.' खाली सही. "मळ्याला आजच फोन करा, आणि माझं नाव सांगून माफी मागा."

मग दुसरा, साठ पोत्यांतला. ओढला. बाईंचा चेहरा बदलला. पुन्हा ओढला. मग त्याच नोंदवहीचं पुढचं पान उलटलं. तिथे त्यांच्याच अक्षरात होतं: 'शिळा. मागून ओल्या गोणपाटाचा वास.'

"शिळा तो माझा," बाई म्हणाल्या. "तो गेला. पण गोणपाट अजून आहे. तेव्हा पुसट होता, आता ठसठशीत आहे. धाकटे, घ्या."

धाकट्यांनी घेतला. भुवया वर गेल्या. "मागच्या वेळी मला हे... नाही आलं."

"मागच्या वेळी नमुना वरच्या पोत्यांचा होता, आणि बाहेरच्या माणसाकडेही तोच गेला. बोलत काय बसता, चला."

तिघं खाली गेले. गोदामात साठ पोत्यांची थप्पी भिंतीला लागून होती. माणसं लावून वरची पोती उतरवली. सगळ्यांत खालच्या रांगेतलं, भिंतीकडचं पोतं ओढलं तेव्हा त्याच्या बुडाशी काळपट डाग दिसला. धाकट्यांनी शिवण उसवली आणि हात घातला. पत्ती ओंजळीत आली ती सुटी नव्हती. ढेकूळ होतं, आणि ढेकळावर पांढरी साय धरली होती. त्या रांगेतली बाकीची अकरा पोतीही तशीच निघाली. प्रवासात कुठेतरी भिजून, वाळवून, वर कोरडी पोती रचून आणली होती.

मालकांनी ढेकूळ हातात फिरवलं. "बाई, उद्या सकाळी आठला. टेबलाशी."

"मी साडेसातलाच येते. केटली बदलायला हवी, तिच्यात क्षार बसलाय."

दुसऱ्या दिवशी कपांची रांग खिडकीपर्यंत लागली होती, चौऱ्याऐंशी नमुने. बाईंनी एका दमात चाखले, चाकाची पिकदाणी शेजारून सरकत होती, धाकटे शेरे लिहीत होते. शेवटी त्यांनी एक निवडला. त्याचा पूर्ण कप घेऊन खिडकीशी गेल्या आणि उभ्याउभ्या, न थांबता, तळापर्यंत प्यायल्या.

दुपारी तीनला त्यांनी हातातला चमचा मुद्दाम खाली सोडला.

तो टेबलाखाली गेला. धाकटे उचलायला धावले, बाईंनी त्यांना अडवलं. कंबरेतून पार खाली वाकल्या, डोकं गुडघ्यांशी नेलं, आणि तशाच थांबल्या. एक, दोन, तीन, करत दहापर्यंत मोजलं. तोंड कोरडं होतं. त्यात चहा नव्हता, मटार नव्हता, काही नव्हतं.

चमचा घेऊन त्या सरळ झाल्या, पदरानं पुसला, आणि पुढच्या कपाशी गेल्या.